घराबरोबर मिळालेलं कासव

१

माझ्या मुलानं, साईनाथनं, हिंजवडीच्या अलीकडे फ्लॅट घेतला, तेव्हा त्याबरोबर चार ट्यूबलाइट, एक गिझर, बाल्कनीत कपडे वाळत घालायची काठी आणि एक कासव मिळालं. पहिल्या तीन गोष्टी करारात लिहिल्या होत्या.

फ्लॅट तळमजल्यावरचा. आधीचे मालक दत्तोबा. सोसायटी उभी आहे ती सगळी जमीन मूळची त्यांची. तिच्या मोबदल्यात बिल्डरनं त्यांना दोन फ्लॅट दिले होते. खालचा आम्हाला विकून ते त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. किल्ल्या देताना म्हणाले, "श्रीधरराव, कासव हितंच ऱ्हाऊ द्या. पानी बदलायचं, पालक-बिलक घालायचा. त्रास न्हाई त्याचा."

मी म्हणालो, "तुमचं कासव आहे. तुम्ही वर न्या की."

"वर त्याचं काय काम?" असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

पुण्यात एक गोष्ट दोनदा विचारायची पद्धत नाही. मी मूळचा वर्ध्याकडचा, पण एकतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढल्यावर ही पद्धत माझ्याही अंगात भिनली होती. माझं काम गेज तपासायचं. खोबण किती खोल, भोक किती रुंद, हे मोजून सही करायची. इंचाच्या हजाराव्या भागाची चूकसुद्धा मी कधी पुढे जाऊ दिली नाही. बायको सुशीला गेली, मागोमाग निवृत्ती आली, क्वार्टर सुटलं, आणि मी माझ्या फूटपट्ट्यांसकट मुलाकडे राहायला आलो.

साईनाथ आणि नम्रता दोघंही कॉम्प्युटरमधली माणसं. साडेआठला मोटरसायकलवरून निघायची, कारण कंपनीची बस एकाच चौकात अर्धा तास उभी असायची. नात शेफाली पाच वर्षांची. साडेअकराला शाळा सुटली की संध्याकाळपर्यंत ती माझ्या जबाबदारीवर. ती मला आबा म्हणते. तिचं जेवण झालं की आम्ही दोघं कासवाचं पाणी बदलायचो. निळा प्लॅस्टिकचा टब, लांबी तीन फूट, उंची नऊ इंच. त्यात सात इंच पाणी. कासव जेवणाच्या ताटाएवढं, काळपट हिरवं, फार म्हातारं. ते कधी पोहायचं नाही. टबाच्या मधोमध तळाला बसून राहायचं, श्वासापुरतं नाक वर काढायचं आणि पुन्हा बसायचं. माझ्या ऑफिसात असे दोन-तीन जण होते, त्यामुळे मला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

२

मार्चमधल्या एका बुधवारी, दुपारी दोनच्या सुमारास, शेफाली म्हणाली, "आबा, माझा चमचा खाली गेला."

खेळातला लाल चमचा होता. मी पेपर बाजूला ठेवला, टबात हात घातला, चाचपडून चमचा काढला आणि तिला दिला. पुन्हा पेपर उचलला तर तो ओला झाला. माझ्या शर्टाची बाही भिजली होती. मी बाही नेहमी कोपराच्या वर दुमडतो, आणि ती पूर्ण भिजली होती.

मी बराच वेळ त्या बाहीकडे बघत बसलो. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर साडेसतरा इंच आहे.

कपाटातून स्टीलची फूटपट्टी काढली. टबाशेजारी गुडघे टेकून आधी बाहेरून मोजलं. नऊ इंच. मग पट्टी पाण्यात उभी सोडली. ती बोटांतून खाली जात राहिली आणि माझी बोटं पाण्यात गेली तेव्हा कशावर तरी टेकली. टेकली ती कासवाच्या पाठीवर. कवचाचा ठक असा आवाज हाताला कळला. बारा इंचांची पट्टी पाण्याखाली होती, आणि वर माझी बोटं.

पट्टी तिरकी गेली असेल. प्लॅस्टिकचा तळ खाली फुगला असेल. मी टब ओढून बाजूला सरकवला. खालची फरशी सपाट आणि कोरडी होती. पाणी मोरीत ओतून टाकलं. आत चरे पडलेला साधा तळ, आणि त्यावर बसून डोळे मिचकावणारं कासव. चार वाजता पुन्हा सात इंच पाणी भरलं, मोजलं, सात इंचच भरलं.

म्हातारपण आलं, असं स्वतःला सांगितलं. ते सांगायला सोपं होतं, कारण ते खरंही होतं.

३

नंतर मी रोज मोजू लागलो. वहीत तारीख, वेळ, माप. सकाळी सात इंच. दुपारी एकनंतर माप बदलू लागायचं. चारला पुन्हा सात. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात. आमच्या टबाचा कारभार नेमका त्याच वेळात चाले.

चौदा इंच. एकोणीस. मग फूटपट्टी पुरेना म्हणून कपड्यांची काठी घेतली. एकतीस. मग साडेतीन फूट. काठी उभी धरून मी ती पाण्यात सोडत जायचो. बाहेरून टब नऊच इंचांचा. दरवेळी काठी शेवटी टेकायची ती कासवाच्या पाठीवर, तोच ठक आवाज. पाठीच्या कडेनं काठी खाली घालून बघावी, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. आलं असेल, तर मी ते ऐकलं नाही. एकतीस वर्षं मोजमाप केलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते.

शेफालीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती टबावर ओणवी होऊन शाळेतली गाणी म्हणायची. एके दिवशी मी खुर्चीतून ऐकत होतो. तिचा आवाज खाली जाऊन परत येत होता, जरा मोठा होऊन, जरा उशिरानं. तो आवाज मला माहीत होता. लहानपणी गावाकडे आम्ही विहिरीत तोंड घालून एकमेकांची नावं पुकारायचो, तेव्हा असाच आवाज परत यायचा. आमच्या हॉलमध्ये शोकेस होती, टीव्ही होता, भिंतीवर नम्रतानं आणलेलं घड्याळ होतं. तिथं असा आवाज यायचं काही कारण नव्हतं.

"आबा, खाली कोण म्हणतं?"

"कोणी नाही. तुझाच आवाज परत येतो."

तिनं थोडा विचार केला. "पण मी गप्प बसले तरी येतो."

मी तिला उचलून आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. पोरीला काही झालं तर मी साईनाथला तोंड कसं दाखवणार, एवढंच डोक्यात होतं.

४

रात्री जेवताना विषय काढला. वही दाखवली. साईनाथ हसला. "बाबा, रिफ्रॅक्शन. पाण्यात काठी वाकडी दिसते. मला आठवीत तुम्हीच शिकवलंत."

"वाकडी दिसते. लांब होत नाही."

नम्रता वही उलटत होती. ती हसली नाही, पण जे बोलली ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "बाबा, रविवारी डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? नुसतं चेकअप."

तिथं मी विषय मिटवला. आपल्याला वेड लागलंय असं घरातल्यांना वाटू लागलं, तर उद्या ते पोरीला आपल्याजवळ ठेवायचे नाहीत. मग दुपारी तिच्याजवळ कोण? कामवाली बाई, आणि तो टब.

मी माझ्या पद्धतीनं मार्ग काढला. देशी कासव घरात पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, हे पेपरात वाचलेलं होतं. वनखात्याला तसा अर्ज लिहिला. तीन प्रती काढल्या, एक शिक्क्यासाठी. ऑफिसातल्या माणसानं विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याच विरुद्ध."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

शनिवारी सकाळी दोघं जण क्रेट घेऊन आले. सभ्य माणसं होती. कासव बघून म्हणाली, वय बरंच आहे, तपासून धरणाच्या पाण्यात सोडू. एकानं ते उचलायला हात घातला, तर उचलेना. चारही पाय पसरून त्यानं टबाच्या तळाला धरून ठेवलं होतं. शेवटी दोघांनी मिळून उचललं. ते वर आलं तसं टबातलं पाणी एकदम खाली दबलं आणि हळूच पुन्हा वर आलं. त्या दोघांनी ते पाहिलं नाही. ते कासवाकडे बघत होते. कासवानं मान पूर्ण बाहेर काढली होती आणि ते टबाकडे बघत होतं.

शेफाली दिवसभर रडली. मी मात्र पोचपावती फाइलला लावली, टब बाल्कनीत पालथा घातला आणि कित्येक दिवसांनी दुपारी शांत झोपलो. आपण एक काम व्यवस्थित, कायदेशीर आणि वेळेत पार पाडलं, याचं मला समाधान होतं.

५

मंगळवारी नम्रता घरून काम करत होती. म्हणजे फोन कानाला लावून सबंध हॉलभर फिरत होती. ऊन रणरणत होतं. शेफाली तिच्याजवळ होती, म्हणून दुपारी सव्वा वाजता मी पार्किंगच्या सावलीत बाकावर जाऊन बसलो. दत्तोबा तिथं होतेच. हात गुडघ्यांवर, नजर आमच्या बाल्कनीच्या कठड्याकडे.

"कासव बरं हाय न्हवं?"

मी सगळं सांगितलं. अर्ज, शिक्का, धरण. सांगताना थोडी ऐटच होती माझ्या बोलण्यात.

दत्तोबांनी मला अडवलं नाही. पुरं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "कवा नेलं?"

"शनिवारी."

"आन् टब?"

"पालथा घालून ठेवलाय. आता पाणी नाही, कासव नाही, काही नाही."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमच्या घराच्या बरोबर खाली आमची हीर हुती. बिल्डरनं बुजवली. दोनशे ट्रक मुरूम गेला तिच्यात. कासव तेवढं मी वर काढलं, आन् घर झाल्यावर त्याच जागंवर ठिवलं. मुरमानं काय हुतंय? तिला तळ लागतो. तळ म्हंजी त्ये कासवच हुतं."

मला राग आला. "हे तुम्ही किल्ल्या देताना सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुमी घेतलं असतं घर?" मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "नात केवढी हाय तुमची?"

"पाच वर्षांची."

"आमची लेक चंद्रभागाबी तेवढीच हुती, हिरीत गेली तवा. कासव आमी तिच्या मागनं सोडलं हिरीत. परत कुनाचं लेकरू जाऊ नये म्हनून." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पोर कुठं हाय आता?"

मी उत्तर देणार होतो, घरात, आईजवळ. तेवढ्यात बाल्कनीतून पाण्याचा आवाज आला. मागून शेफालीचं हसू. आणि नम्रताचा आवाज, "बेटा, पाणी बाहेर नको उडवू, आईचा कॉल चालू आहे."

६

त्या वीस पावलांत मी दोनदा पडलो. हे मागाहून गुडघे पाहिले तेव्हा कळलं.

नम्रता बाल्कनीकडे पाठ करून इंग्रजीत कुणाला तरी तारीख समजावत होती. बाल्कनीत निळा टब सुलटा ठेवला होता. उकाड्यानं हैराण झालेल्या पोरीला आईनं पाण्यात खेळायला सोडलं होतं. कुठल्याही आईनं सोडलं असतं.

शेफाली टबात उभी होती. पाणी तिच्या हनुवटीपर्यंत होतं.

टब नऊ इंचांचा. माझी नात साडेतीन फुटांची. तिचं नुसतं डोकं पाण्यावर दिसत होतं, आणि ती घाबरलेली नव्हती. मला बघून म्हणाली, "आबा, तिनं मला धरलंय."

मी खाली बसलो.

"पण तिचे हात दुखतायत," शेफाली म्हणाली.

मी उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. पाणी बर्फासारखं गार होतं आणि त्याला शेवाळाचा वास होता. शेफालीचे पाय सापडले. तिचे तळवे सापडले. त्या तळव्यांखाली आणखी काही होतं. लहान, गार, दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेलं. बोटं होती. माझा हात लागला तशी ती थरथरली आणि एकेक करून सुटली. सगळा भार माझ्या तळहातावर आला. मी पोरीला वर उचललं.

नम्रता वळली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच: निथळणारी पोर, खांद्यापर्यंत भिजलेला म्हातारा, आणि टबात सात इंच पाणी. फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "बाबा, हळू. पडाल."

७

टब मी त्याच दुपारी हातोडीनं फोडला. त्यानं काही फरक पडला नाही.

आता या घरात एक ते चारच्या मध्ये कुठलंही साठवलेलं पाणी धड नाही. बादली, पिंप, पातेलं. काठी घातली तर कशालाच टेकत नाही. एकदा दोरीला वजन बांधून सोडलं, दोरी संपली. धरणावरही जाऊन आलो, पोचपावती घेऊन. तिथला माणूस पाण्याकडे हात करून म्हणाला, "आजोबा, यातलं कुठलं?" त्याचं काही चुकलं नाही.

घर सोडू या म्हटलं तर साईनाथ म्हणतो, "बाबा, कासव नको म्हणालात, गेलं. आता घर नको? उद्या आम्ही नको." डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे.

एक गोष्ट मात्र मी शोधून काढली. पाण्यात हात घालून ठेवला की त्याला तळ येतो. शाळेतून आल्यावर शेफालीला अंघोळ लागते, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी साडेबाराला येतं, त्यामुळे ती उरकेपर्यंत एक वाजून जातोच. मी मोरीत पाट घेऊन बसतो, बादलीत हात घालतो, आणि ती तांब्यानं पाणी घेते. तांब्या निसटून माझ्या तळहातावर आपटतो तेव्हा मला बरं वाटतं. पहिल्या दिवशी मनगटापर्यंत हात पुरला. आठवड्यानं कोपर. आता खांदा बुडतो, गाल बादलीच्या कडेला टेकतो. यापुढे हात नाही. एवढा एकच हिशेब मला झोपेतही सतावतो.

आज तिची अंघोळ झाली. टॉवेल गुंडाळून ती मोरीबाहेर पाऊलपुसण्यावर उभी राहिली, मी बघितलं. आता हात काढायचा, बादली पालथी करायची, रोजच्यासारखं. तेवढ्यात माझ्या तळहातावर वजन आलं.

पाऊल होतं. शेफालीच्या पावलाएवढंच. आधी चवडा टेकला, मग टाच. चाचपून बघत, विश्वास ठेवावा की नको असं करत. मग दुसरं पाऊल आलं, त्याच्या शेजारी, जागा करून.

भीती होती, खोटं कशाला सांगू. हात काढला तर ते लेकरू पुन्हा खाली जाईल, जिथं कशालाच तळ नाही. वर उचलला तर ते या घरात येईल, माझ्या नातीच्या शेजारी. काय येईल ते मला माहीत नाही. एवढं मात्र माहीत आहे, की त्या मंगळवारी दुखऱ्या हातांनी तिनं शेफालीला किती वेळ धरून ठेवलं होतं, हे कुणी मोजलेलं नाही.

शेफाली दारातून वाकून बादलीकडे बघत होती. "आबा," ती म्हणाली, "तिच्यासाठी दुसरा टॉवेल आणू का?"

मी हात तसाच धरून ठेवला. मग म्हणालो, "आण."